पॉइंट टू-टूची पारख

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पिस्तुलाची बातमी येते ती कुठेतरी गावठी कट्टा पकडल्याची. त्यामुळे नरसी नामदेवच्या एखाद्या पोराने किंवा पोरीने घरी सांगितलं की मला पिस्तूल शूटिंग शिकायचंय, तर थोरल्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणंच उभं राहतं. त्यात त्यांचा दोष नाही. गावाला बंदूक ठाऊक आहे ती रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर घेतलेली ठासणीची, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरची बारा बोअरची, फार तर जत्रेत फुगे फोडायला मिळते ती छऱ्याची. कागदावरच्या काळ्या वर्तुळाचा मध्य गाठणं एवढ्याच कामासाठी घडवलेलं टार्गेट पिस्तूल कयाधू नदीच्या काठावर फारसं कुणी हातात धरलेलं नाही.

तरी विचारणारे वाढले आहेत आणि त्याला कारणही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर मराठी मुलखात आलेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कांबळवाडी काही मोठं शहर नाही, नरसीसारखंच शेतीवर जगणारं गाव आहे. स्वप्नीलच्या रायफलीत जे काडतूस होतं तेच काडतूस २५ मीटरच्या पिस्तुलातही चालतं: पॉइंट टू-टू लाँग रायफल, मापाने ५.६ मिलिमीटर. नुसता छंद म्हणून पिस्तूल चालवणारा आणि ऑलिंपिकला जाणारा, दोघांच्या खोक्यात हेच काडतूस असतं.

म्हणून हा लेख त्या पिस्तुलाची पारख कशी करायची याबद्दल आहे. माझं मत आधीच मांडतो. नवख्याने पिस्तुलाचं नाव, देश आणि किंमत बाजूला ठेवून आपला तळहात आणि ट्रिगर या दोन गोष्टींवर सगळी नजर लावावी. आणि ज्याच्या घरापासून नेमबाजीची रेंज रात्रभराच्या प्रवासावर आहे, त्याने पिस्तूल विकत घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

सुरुवात काडतुसापासून करावी लागते, कारण पिस्तुलाचे बरेचसे गुणदोष त्याच्यातून येतात. १८८७ साली अमेरिकेतल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने हे काडतूस आणलं आणि ते आजतागायत जवळपास तसंच आहे. लांबी सुमारे एक इंच, पितळेची बारीक नळकांडी, तोंडाशी शिशाची गोळी, तिचं वजन ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जास्त. बूड निरखून पाहिलं की इतर काडतुसांच्या मध्यभागी दिसते ती वेगळी टोपी इथे दिसत नाही. पेटणारं मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेच्या आत, गोलाकार पसरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड नळीच्या तोंडाशी चेपते आणि ठिणगी पडते. रिमफायर म्हणतात ते यालाच.

कड पिनने चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पितळ पातळ म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो. परिणामी धक्का हलका, आवाज तुलनेने कमी आणि काडतूस स्वस्त. शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही, कारण मोठ्या बोअरच्या धक्क्याने डोळे मिटायची, मनगट ताठ करायची जी सवय लागते ती पुढे मोडता मोडत नाही. दुसरी बाजूही आहे. मिश्रण कडेभोवती सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर पिन नेमकी रिकाम्या जागी आदळते आणि राउंड फुसका जातो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबायचं, हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याला सांगायचं. फुसका वाटलेला राउंड काही क्षण उशिराने उडू शकतो. ही शिस्त पहिल्याच दिवशी शिकवतात आणि ती शिकवत नसतील तर त्या ठिकाणी शिकू नये.

आता पिस्तूल. हातात घेताना मॅगझिन काढलेलं, स्लाइड मागे, चेंबर रिकामं, त्यात भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग खोवलेली. टार्गेट पिस्तूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वेगळंच वाटतं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, खडबडीत, बोटांच्या वळणांप्रमाणे कोरलेली, खाली तळहाताला टेका देणारी पट्टी, तीही वर-खाली सरकणारी. उजव्या हाताची मूठ वेगळी, डाव्याची वेगळी, आणि त्यातही लहान, मध्यम, मोठी अशी मापं. कित्येक पिस्तुलांत मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असतं, त्यामुळे मूठ हवी तशी तिरकी करता येते आणि नळी हाताच्या जवळ, खाली बसते. नळी जितकी खाली, तितकी धक्क्याने ती कमी उसळते आणि दुसऱ्या गोळीसाठी लवकर जागेवर येते.

मूठ बसते की नाही हे तपासायची रीत साधी आहे. डोळे मिटायचे, पिस्तूल एका हाताने उचलून समोर धरायचं, मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट मागच्या खाचेच्या मधोमध आपोआप आली तर मूठ आपली. दर वेळी ती एकाच बाजूला दिसली, तर मनगट वळवून सुधारण्याच्या भानगडीत न पडता मूठ बदलावी किंवा कानस लावून तासावी. बरेच नेमबाज लाकडाचा भुसा आणि चिकट लुकण लावून मूठ महिनोन् महिने घडवत असतात. हे वेळखाऊ काम आहे, पण पिस्तुलावर खर्च केलेल्या पैशांपेक्षा त्याचं फळ जास्त.

साइट्स मधोमध असण्याचा एवढा आग्रह का, ते एका हिशोबात कळतं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे २५ मीटरच्या पिस्तुलावर पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त सरकते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मिलिमीटरभराच्या चुकीने दहा तर गेलाच, गोळी आठाच्याही बाहेर. उलट साइट्स एकमेकींत नीट बसल्या असतील आणि हात थोडा डुलत असेल, तर गोळी डुलण्याएवढीच सरकते. म्हणून प्रशिक्षक सारखा सांगत असतो की नजर फ्रंट साइटवर ठेव, टार्गेट धूसर दिसू दे. साइट्स ठळक, चौकोनी, कडा धारदार, मागच्या साइटचे स्क्रू कटकट आवाज करत एकेक घर सरकणारे, हे पारखताना बघावं. बंदूकवाल्यांच्या भाषेत असं एकेक घर म्हणजे क्लिक. डावीकडे चार क्लिक देऊन पुन्हा उजवीकडे चार दिले की गोळ्यांचा ग्रुप मूळ जागी परत यायला हवा. जुन्या, झिजलेल्या पिस्तुलांत तो येत नाही.

आणि ट्रिगर. माझ्या लेखी पिस्तुलाची खरी किंमत इथे ठरते. स्पर्धेच्या नियमात २५ मीटर पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. हे तपासण्याची पद्धत प्रत्येक होतकरूने एकदा जवळून पाहावी. सामना सुरू होण्यापूर्वी साहित्य तपासणीच्या टेबलावर एक किलोचं वजन असतं, त्याला वर आकडा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते कॉक करतात. नळी आभाळाकडे सरळ उभी धरायची, आकडा चापाच्या मधोमध अडकवायचा आणि पिस्तूल सावकाश वर उचलायचं. वजन टेबलावरून सुटून अधांतरी लटकलं आणि तरी आतला घोडा पडला नाही, तर पिस्तूल पास. ‘खट्’ झालं तर स्क्रूड्रायव्हर काढायचा. त्याच टेबलावर ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरची पेटीही असते, पिस्तूल तिच्यात मावलं पाहिजे. वजन काट्यावर १४०० ग्रॅमच्या आत भरलं पाहिजे.

छंदापुरतं खेळणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, पण मापदंड म्हणून यापेक्षा चांगलं काही मिळायचं नाही. एक किलोचा ट्रिगर वाईट नसतो, खरखरणारा ट्रिगर वाईट. चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा हलका, बोट सहज मागे येतं आणि एका स्पष्ट भिंतीशी थांबतं. तिथून पुढे दाब वाढवत नेला की न सरकता, न घसरता सुटतो. सुटल्यानंतर बोट लगेच थांबायला हवं, पुढे धसकलं तर नळी हललीच. पाच वेळा केलं तर पाचही वेळा भिंत त्याच जागी लागली पाहिजे. ही परीक्षा ड्राय करायची, म्हणजे काडतुसाशिवाय, आणि इथे रिमफायरचं एक पथ्य आहे. चेंबर रिकामं ठेवून जुन्या घडणीच्या पॉइंट टू-टूचा चाप ओढत राहिलं, तर पिन काडतुसाच्या कडेऐवजी थेट चेंबरच्या काठावर आदळून तिथे खाच पाडू शकते. मग उडालेलं नळकांडं त्या खाचेत अडकतं आणि बाहेर यायला कुरकुरतं. नव्या टार्गेट पिस्तुलांत ड्राय सरावाची वेगळी सोय असते, नसेल तर प्लास्टिकचं खोटं काडतूस घालावं. वापरलेलं पिस्तूल पाहताना टॉर्च लावून चेंबरचा काठ बघावा. तिथे टोचा दिसला की आधीच्या मालकाने ते कसं वापरलं हे कळून येतं.

पिस्तुलं बनवणारे देश मोजके. मूळची स्वित्झर्लंडची हॅमर्ली, स्वित्झर्लंडचीच मोरिनी, इटलीची पार्दिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ ही नावं रेंजवर कायम ऐकू येतात. अमेरिकेत स्पर्धेपेक्षा मोकळ्या हौसेसाठी रुगर मार्क मालिका आणि ब्राउनिंग बक मार्क घरोघरी असतात. रुगरचं मूळ पिस्तूल १९४९ चं आहे. ती दणकट, सोपी पिस्तुलं आहेत, पण मूठ सरधोपट आणि ट्रिगर टार्गेट पिस्तुलाइतका निर्मळ नाही. आपल्याकडे इछापूरच्या रायफल फॅक्टरीने ‘निडर’ हे पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्व्हर काढलं. काडतुसाचं माप तेच असल्याने काहींची गफलत होते. पण जेमतेम पाव किलोचं, आखूड नळीचं ते हत्यार स्वसंरक्षणासाठी केलेलं आहे, निशाणेबाजी शिकायला त्याचा उपयोग नाही. नळी आखूड म्हणजे साइट्समधलं अंतर आखूड, आणि वरचा मिलिमीटरचा हिशोब आणखी निर्दय होतो.

या यादीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सोव्हिएत रशियातलं मार्गोलिन पिस्तूल. मिखाईल मार्गोलिन तरुणपणीच लढाईतल्या जखमेने पूर्ण अंध झाला होता. त्याने स्पर्शाने, प्रतिकृती चाचपून पिस्तुलाचे भाग रचले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं पॉइंट टू-टू टार्गेट पिस्तूल जगभरच्या रेंजवर पोचलं. तळहाताने पारख करा असं मी वर म्हटलं, त्याला याहून बळकट आधार मला देता येणार नाही.

नेमकेपणा, म्हणजे पिस्तूल स्वतः किती बारीक ग्रुप देतं, याबद्दल नवखे फार काळजी करतात. चांगलं टार्गेट पिस्तूल टेक्यावर ठेवून, त्याला मानवणाऱ्या काडतुसांनी २५ मीटरवर चालवलं, तर दहा गोळ्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत बसतात. सुरुवातीच्या वर्षात माणसाचा स्वतःचा ग्रुप जेवणाच्या ताटाएवढा असतो. तेव्हा दोन सेंटिमीटरच्या आणि तीन सेंटिमीटरच्या पिस्तुलात त्याला फरक कळणार नाही. त्यापेक्षा ते किती वेळा अडकतं ते मोजावं. रिमफायरची अर्धस्वयंचलित पिस्तुलं काडतुसाच्या बाबतीत चोखंदळ असतात. हळू गतीचं काडतूस स्लाइड पुरती मागे ढकलत नाही, नळकांडं अर्धवट अडकतं. फार जलद काडतुसाने स्प्रिंगांवर ताण येतो. पिस्तुलासाठी म्हणून बनवलेलं, प्रमाण वेगाचं काडतूस घ्यावं, दोन-तीन कंपन्यांची प्रत्येकी एखादी पेटी चालवून बघावी आणि जे मानवलं त्याचा लॉट क्रमांक टिपून ठेवावा. शिशाच्या गोळीवर मेण असतं, ते आणि दारूची राख चेंबरच्या तोंडाशी साचत जाते. म्हणून उघडून पुसायला सोपं पिस्तूल घ्यावं. ज्याचे सुटे भाग, निदान फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग आणि जादा मॅगझिन, मागवता येतील याची विक्रेत्याकडून खात्री होईल तेच घ्यावं. परदेशी पिस्तुलाची एक तुटकी पिन मिळायला महिने लागतात, तोवर शिकणं बंद.

हे सगळं अखेर कशासाठी, ते २२ ऑगस्ट २०१८ रोजी दिसलं. इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरची राही सरनोबत अंतिम फेरीत होती. पात्रता फेरीत भारताच्याच मनू भाकरने ५९३ गुण केले होते, राहीने ५८०. अंतिम फेरीत पाटी कोरी होते. दर मालिकेत पाच गोळ्या. हात ४५ अंशात खाली, हिरवा दिवा लागला की वर उचलायचा, ३ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे, आणि ती १०.२ किंवा त्याच्या आत बसली तरच गुण. ५० गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नफास्वान यांगपाइबून दोघी ३४ वर. जादा मालिकेत दोघींचे चार-चार. दुसऱ्या जादा मालिकेत राहीचे तीन, नफास्वानचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी २०१३ ला चांगवोनच्या विश्वचषकात तिने २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं होतं, आणि मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने ती खेळापासून दूर होती. सव्वा किलोच्या आसपासचं वजन दिवसातून शेकडो वेळा सरळ हाताने उचलायचं असतं, ही गोष्ट छंद म्हणून येणाऱ्यांनी हलक्यात घेऊ नये. हाताला पेलेल तेवढंच वजन निवडावं. पुढे जोडायची वजनं वेगळी मिळतात, ती नंतर वाढवता येतात.

राहीची वाट कशी पडली हेही पाहावं. शाळेतली थोरली मुलगी तेजस्विनी सावंत नेमबाजीत चमकलेली तिने पाहिली. शहरात दुधाळीची रेंज होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने आणि पुण्याच्या अनिसा सय्यदने २५ मीटर पिस्तुलाचं जोडीचं सुवर्ण घेतलं. एका शाळेतून, एका रेंजवरून माणसं घडत गेली. स्वप्नीलसुद्धा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून आला.

आता कायदा, कारण नरसीच्या घरात पहिला प्रश्न तोच निघतो. पॉइंट टू-टूचं पिस्तूल, ते कितीही खेळाचं असलं, तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचं अग्निशस्त्र आहे आणि परवान्याशिवाय घरात ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं, अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट सरावासाठी पॉइंट टू-टू रायफलचा परवाना देण्याची कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण तिच्यात पिस्तूल येत नाही. त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. स्पर्धेतली कामगिरी हे असं कारण ठरू शकतं, नुसती हौस बहुतेक वेळा पुरत नाही. परदेशी पिस्तूल मागवण्याची सवलत नॅशनल रायफल असोसिएशनमार्फत, ठरावीक गुणांची पायरी गाठलेल्या नेमबाजांना मिळते. युरोपात दीड-दोन हजार युरोंच्या घरात असलेलं पिस्तूल इथे हातात येईपर्यंत लाखांचं होतं.

परवाना मिळाला तरी ते कुठे चालवायचं? शेतात नाही, कयाधूच्या पात्रात तर मुळीच नाही. पॉइंट टू-टूची गोळी लहान दिसते म्हणून लोक फसतात. ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्याकडच्या काळ्या दगडावर किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर आदळली की दिशा बदलून कुठेही उसळते. मागे पुरेसा उंच मातीचा बांध, बाजूंना भिंती, एक जबाबदार रेंज अधिकारी, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, एवढं असेल तिथेच हा खेळ. अशा रेंज मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची, पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, आणि कोल्हापुरात आहेत. मराठवाड्याच्या आमच्या टोकापासून ही सगळी ठिकाणं दूर.

म्हणून नरसीच्या मुलामुलींना मी सांगेन की सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तुलाने करा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छरा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा जेमतेम ६ ज्यूल. पॉइंट टू-टूची १०० ज्यूलच्या वर जाते. तरी मूठ, साइट्स, श्वास, दोन टप्प्यांचा ट्रिगर, सगळं तेच. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, आणि दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे चूक लपत नाही. पॅरिसमध्ये मनू भाकरची दोन्ही पदकं याच १० मीटर एअर पिस्तुलातली आहेत. वर्षभर एअर पिस्तुलावर हात बसला की पुण्या-मुंबईच्या क्लबात जाऊन त्यांचं पॉइंट टू-टू प्रशिक्षकासमोर चालवा. तीन-चार वेगवेगळ्या बनावटीची पिस्तुलं हातात येतील, आणि वर सांगितलेली पारख तुमची तुम्हाला करता येईल. देखरेखीखाली शिकायला वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली पुरतात.

एअर पिस्तुलाला मोठी रेंज लागत नाही. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, मागे-पुढे वावरायला जागा, प्रत्येक लेन एक मीटर रुंद, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच, चांगला उजेड, आणि टार्गेटमागे छरे अडवणारी भक्कम पेटी. एखाद्या शाळेचं लांब सभागृह पुरतं. हिंगोली निजामी काळापासून छावणीचं गाव. आज इथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. शस्त्र शिस्तीने हाताळणारी, निवृत्त झालेली माणसं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्यातून रेंज अधिकारी आणि पहिले प्रशिक्षक तयार करता येतील.

हिंगोलीच्या जिल्हा क्रीडा कार्यालयाला माझी विनंती आहे की जिल्ह्यात चार लेनची १० मीटर रेंज उभी करावी, तिथे सरकारी मालकीची दोन उजव्या आणि एक डाव्या हाताची अशी एअर पिस्तुलं ठेवावीत आणि आठवड्याचे ठरावीक दिवस ती नरसी, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या शाळांसाठी राखून ठेवावीत. पालकांनीही अर्ज द्यावेत. मागणी कागदावर दिसली नाही तर तरतूद होत नाही.